पूर्ण लोडवर

"आधी जेवून घे गं, मग तपास ते धूड," असं बजावून बकुळाची आई जाईबाई भायखळ्याच्या बाजाराला गेली. लालबागच्या खोलीत उरली बकुळा आणि गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरचा हजार वॅटचा नवा पॉवर सप्लाय.

ताट तसंच झाकून ठेवून ती लोड वाढवत गेली. मीटरवरचे बारा व्होल्ट जागचे हलेनात. माल चोख होता, पण पूर्ण लोडवर पंखा असा घुमायला लागला, की तिला बाबांचं साचाखातं आठवलं. गिरणीतल्या मागांच्या त्या खडखडाटात कामगार नुसते ओठ हलवून बोलायचे. संपात गिरणी गेली, तरी बाबा मरेपर्यंत लाडात आले की लेकीशी तसंच बोलायचे.

समोरच्या कॉम्प्युटर कॅबिनेटच्या काळ्या काचेत, तिच्या खांद्यामागे, ओठ हलले.

'जेवलीस?'

दचकायचं सोडून तिला आधी हसूच आलं. तिनेही आवाज न काढता सांगितलं, 'जेवले.'

मग मात्र अंगावर सर्रकन काटा आला. तिने बटण बंद केलं. पंखा मंदावला, थांबला. खोली चिडीचूप झाली.

आता नुसत्या ओठांनी बोलायची गरज नव्हती.

"खोटं बोलतेस, बकुळे," कानाशी कुणीतरी मायेने म्हणालं.