ओठांवरची लाली

"लिपस्टिक पुसा, मॅडम. मगच आत."

सेविकेने एवढं म्हटलं आणि वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात सगळ्यांच्या माना वळल्या. चाकांच्या खुर्चीतल्या आजोबांनी पेपर खाली केला. जेवणघरातून दोघीतिघी सेविका हात पुसत दाराशी आल्या. अशी मजा काय रोज बघायला मिळते!

कारण समोर उभ्या होत्या त्या आश्रमाच्या पर्यवेक्षक बाई. आज सुट्टीच्या दिवशी नटूनथटून स्वतःच्या आईला भेटायला आल्या होत्या. आई परवाच इथे दाखल झाली होती. अंगावर खरूज दिसली म्हणून तिला कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. त्या खोलीच्या दारावर बाईंनीच नियम चिकटवला होता. आत जाणाऱ्याने तोंडाला रंग लावायचा नाही, अत्तर नाही, दागिना नाही, केस टोपीत, अंगावर एप्रन.

"अगं, मी मुलगी आहे तिची!"

"हो ना मॅडम. पण तुम्हीच म्हणाला होतात, उद्या माझी सख्खी आई इथे आली तरी नियम म्हणजे नियम."

म्हणाल्या होत्या खऱ्या. भर जेवणघरात, सगळ्या म्हाताऱ्यांसमोर, त्या खोलीत जेवण घेऊन निघालेल्या याच सेविकेची हनुवटी धरून तिच्या ओठांवरची लाली पुसताना म्हणाल्या होत्या. आणि पुसली कशाने? टेबल पुसायच्या ओल्या फडक्याने! "कुणाला भुलवायला नटतेस गं इथे?" असंही वर विचारलं होतं. तेव्हा सेविका खाली मान घालून ताटं उचलायला लागली होती. पण असलं कुणी विसरतं का? त्या फडक्याचा आंबूस वास अजून मधूनच तिच्या नाकात शिरायचा आणि तिचं पित्त खवळायचं.

"कुणी आहे का गं बाहेर?" आतून म्हातारीचा आवाज आला.

"आले गं आई!" बाईंनी घाईघाईने पर्समधून रुमाल काढला.

"रुमाल बाहेरचा आहे मॅडम, चालायचा नाही." सेविकेने फडकं पुढे केलं. ओलंच होतं.

"कापूस दे मला."

"कापूस आजारी माणसांसाठी असतो."

बाईंनी फडक्याकडे बघितलं, सेविकेकडे बघितलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, पण करतात काय? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं बघणाऱ्यांनी म्हटलंच असतं. त्यांनी डोळे मिटून ओठ पुसले.

"डाव्या कोपऱ्यात राहिलीय जराशी," आजोबांनी खुर्चीतून सांगितलं. एक सेविका फिस्सकन हसली.

मग कानातले मोती निघाले. बोटात रुतलेली अंगठी साबण लावून, ओढून ओढून निघाली. अत्तर लावलेली मान धुतली गेली. घाटदार अंबाडा सुटला आणि टोपीखाली कोंबला गेला, कडेने पांढरी मुळं तेवढी उघडी पडली. शेवटी सेविकेने मळकट हिरवा एप्रन त्यांच्या गळ्यात घातला आणि मागच्या नाड्या स्वतः बांधल्या. चांगल्या घट्ट.

"उद्या कामावर आले की बघते तुझ्याकडे," बाई दातओठ खात म्हणाल्या.

"या ना मॅडम. मी आहेच."

बाई आत गेल्या. सेविका पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेली आणि दारातच थांबली.

"आई." बाईंनी वाकून म्हातारीचा हात धरला.

म्हातारीने हात काढून घेतला. वरपासून खालपर्यंत त्यांना न्याहाळलं, मग दाराकडे बघून विचारलं, "ही नवीन ठेवलीत का गं?"

"आई, मी आहे! अगं, मी!"

"हो हो, तूच. पण हात नको लावूस बाई. माझी मुलगी येणार आहे आज, तिला नाही आवडायचं."

सेविकेला हे होणार ते ठाऊक होतं. म्हातारीची आठवण कधीच विरून गेली होती. चेहरे तिला राहत नसत, थाट राहायचा. दोन दिवस अंग पुसून घेताना ती एकच गोष्ट सांगत होती, माझी मुलगी येईल, लाल ओठांची, मोतीवाली, लांबूनच घमघमाट येतो तिचा.

बाई सेविकेकडे वळल्या.

"सांग ना तिला. तुझं ऐकते ती." मग आवाज एकदम खाली आला. "ताई, सांगा ना हो."

आजवर बाईंनी तिला 'ए' शिवाय हाक मारली नव्हती. एक शब्द पुरला असता. म्हातारी तिच्यावर विश्वास ठेवायची, लेकरासारखी तिचं ऐकायची. तो शब्द अगदी तिच्या जिभेवर आला होता.

"आणि हिला खुर्ची आणायला सांग गं," म्हातारी म्हणाली. "नुसतीच उभी आहे केव्हाची. माझी मुलगी आली की बसेल कशावर?"

सेविकेने तांब्या खाली ठेवला.

"ऐकलंत ना? खुर्ची आणा."

बाईंनी व्हरांड्यातून खुर्ची आणली. कुणी हसलं नाही. पलंगाशी खुर्ची ठेवून त्या तिच्यावर टेकणार, तोच म्हातारीने हात आडवा घातला. चादरीच्या टोकाने बैठक पुसली, नीट, कोपऱ्यांसकट.

"तू सरक बाई जरा," ती म्हणाली. "मला दार दिसू दे."