चहा उकळेपर्यंत

“हे ऐकून कुणाचा बापही विश्वास ठेवायचा नाही!” चहाचं आधण ठेवता ठेवता अनाजी शेलारांनी आरोळी ठोकली. ठोकावीच लागे. कुंभार्ली घाटातल्या त्या चार्जिंग स्टेशनवर आता गाडी पापणी लवायच्या आत भरायची आणि भुर्रकन निघायची. चहाला उकळी यायला तेवढा वेळ कुठला? सकाळपासून एक कप खपला नव्हता. असंच चाललं तर टपरीला टाळंच लागणार होतं.

सुरमईच्या टेम्पोत वीज भरून निघालेल्या रझियाने ब्रेक दाबला. “काय झालं, आबा?”

“अगं, एकदा त्या समोरच्या कड्यावर वीज उतरली. कडाडली नाही, बरं का! मांजरीसारखी दबक्या पावलांनी चार्जिंगच्या वायरीवरून चालत आली आणि एका ट्रकात शिरून बसली. तो ट्रक घाट उतरत गेला, तशी दोन्ही अंगांची करवंदं पिकत गेली. खालपर्यंत सगळ्या जाळ्या काळ्याभोर!”

रझियाचे डोळे विस्फारले. टेम्पो बंद करून ती खाली उतरली. “तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“मी एकटा कशाला? ही गर्दी होती! गाड्या चार्जिंगला लावून माणसं तासभर गप्पा छाटत बसलेली. तेवढ्यात साताऱ्याच्या ड्रायव्हरनं गुहागरच्या ड्रायव्हरची पोरगी सून म्हणून पक्कीसुद्धा केली.”

चहाला उकळी फुटली. रझिया बाकड्यावर बसली आणि खदखदून हसली.

“वीज आली असेल, करवंदंही पिकली असतील. पण गाडी भरायला तासभर? आणि माणसं तोवर बसून राहिली? आबा, ही मात्र शुद्ध थाप!”