सात ठिपके

सातव्या खड्ड्यातूनही गंजकं पिंप वर आलं, तेव्हा कुंपणापाशी उभ्या असलेल्या मोठ्या कंपन्यांच्या माणसांचं हसू मावळलं.

रंगाचा कारखाना बंद पडून पंचवीस वर्षं झाली होती. आता ती जमीन सरकारी पैशातून साफ व्हायची होती. कामाचा चौथा हिस्सा छोट्या कंत्राटदारांसाठी, त्यातही संख्येनं मूठभर असलेल्या समाजांतल्या लोकांसाठी राखून ठेवला होता. असे लोक शोधायचे, त्यांना अर्ज भरायला शिकवायचं, हे योजनाधिकारी बाईंचं काम. वर्षभर त्यांनी वस्त्या पालथ्या घातल्या. चपलांचे दोन जोड झिजले आणि अर्ज आले तीन.

त्यातला एक नाल्यापलीकडच्या मुकादमिणीचा. विधवा बाई, हाताखाली नऊ माणसं आणि ढकलल्याशिवाय सुरू न होणारा टेम्पो. मोठ्यांनी लिहून दिलं होतं, सगळी जमीन कमरेइतकी खणू. हिनं नकाशावर सात ठिपके काढून दिले. इथं खणा, बाकी राहू द्या. आज खात्यानं तेच सात ठिपके चाचणीसाठी खणून पाहिले होते.

"पत्रिका मांडली असेल जमिनीची," बाईंचे साहेब तेव्हा म्हणाले होते. आज त्यांचा आवाज वेगळा होता.

"आपल्या सर्वेक्षणालाही जे दिसलं नाही, ते हिला कसं दिसलं? गंजकी पिंपं भंगारात ढिगानं मिळतात. हिनंच आणून पुरली नसतील कशावरून?"

"सात पिंपं, साहेब? आणि कुंपणाला पहारा असताना?"

"मग माहिती कुणी दिली ते तिनं सोमवारी समितीपुढं सांगावं. नाही सांगितलं तर अर्ज बाद. आणि तो चौथा हिस्साही मोठ्यांकडे. छोट्यांचे लाड पुरे झाले आता."

बाई घरी आल्या तेव्हा त्यांचे वडील स्वयंपाकघराची भिंत मोजत होते. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, घरात बसून त्याच्या हातापायांना गंज चढत होता. ट्रक गेला, पण टायर ठोकून हवा बघायची काठी तेवढी राहिली. ती टेकत ते भाजीला जात, तिनंच मांजर हाकलत आणि टेप समोर असला तरी मोजत तिनंच.

"फळी दीड काठीची लागेल," ते म्हणाले.

"बाबा, दुकानदार सेंटिमीटर विचारतो."

"मग मोजू दे की त्याला. पैसे घेतो ना?" मग त्यांनी हळूच विचारलं, "काय निघालं तिकडं?"

"सातही." बाईंनी पर्स खुर्चीत टाकली आणि साहेबांचं सगळं बोलणं सांगितलं. वर्षाची मेहनत सोमवारी पाण्यात जाणार होती.

बाबांनी काठी दाराआड उभी केली. "चहा ठेवतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई नाल्यापलीकडे गेल्या. मुकादमिणीच्या पत्र्याच्या खोलीत दोरीवर धुतलेले मास्क वाळत होते आणि भिंतीलगत गमबुटांचे नऊ जोड होते. बाईंना कोडं सुटल्यासारखं वाटत होतं.

"तुमचे यजमान त्याच कारखान्यात होते ना? त्यांनीच सांगून ठेवलं असणार. तसं लिहून द्या, बाकीचं मी बघते."

"खोटं कशाला लिहू, मॅडम? ते हौदावर होते, रंग ढवळायचे. पुरायला बाहेरची गाडी यायची. कुठं पुरतात ते आतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं."

"मग?"

"ज्यानं पुरलं, त्यानंच सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात आला. इथं, या डब्यावर बसला. म्हणाला, या नाल्याचं पाणी तुम्ही प्यायलात, आता त्या कामाची भाकरी तरी तुमच्याच घरात यावी."

"कोण?"

"शब्द दिलाय."

"अहो, काम जाईल तुमचं."

"जाईल." मुकादमीण गमबुटांकडे बघत म्हणाली. "नऊ जणांना मी सांगेन कसंतरी. पण ज्यानं विश्वासानं मन मोकळं केलं, त्याला तोंडघशी पाडणार नाही."

बाईंना तिचा राग आला, आणि त्याहून जास्त तिचा हेवा वाटला. त्यांनी नकाशा उलगडला. एक गोष्ट त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होती. फाटकाच्या खांबापासून सदतीस मीटर वीस. तिथून उजवीकडं पंचावन्न मीटर ऐंशी. असे आडनिडे आकडे कुणी का द्यावेत?

"निदान एवढं तरी सांगा. हे आकडे असे का?"

मुकादमिणीनं कोपऱ्यातून बांबूची एक कामटी काढली. "त्याला मीटर कुठं पाठ होते? खांबापासून चाळीस, मग उजवीकडं साठ, असं सांगितलं. मोजायला ही कापून दिली. जागा बघायच्या दिवशी हिनंच मोजलं मी. त्र्याण्णव सेंटिमीटर भरते."

"नेऊ का ही? समितीला दाखवते."

"न्या. कामटीला कुठं नाव असतं."

बाई घरी आल्या. फळी बसली होती आणि बाबा तिच्यावर डबे मांडत होते. बाईंनी कामटी दाराआड, त्यांच्या काठीशेजारी उभी केली आणि तिथंच थांबल्या. दोन्हींची टोकं एका रेषेत आली होती.

बाबांनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांनी शेवटचा डबा नीट सरळ केला.

"सोमवारसाठी," ते म्हणाले, "मी सदरा इस्त्रीला टाकून आलोय, पोरी."