ढावलो, दुसऱ्यांदा

"आई, ही उशी घ्या गळ्याशी," सर म्हणाले. "समजा, हीच नवरी."

जमनीने उशीकडे पाहिलं, मग बबिताकडे. बबिता स्टुलावर माइक लावत होती. ती जमनीची धाकटी मुलगी आणि सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. पुसदजवळच्या बंजारा तांड्यातली ती ओसरी तर अगदीच लहान होती.

सासरी निघालेली लेक आणि तिची आई एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात, त्या रडण्यातच गाणं असतं. त्याला ढावलो म्हणतात. बबिताचा प्रबंध त्यावरच होता. सोमवारी तो जमा करायची शेवटची तारीख होती, आणि खऱ्या ढावल्याचं रेकॉर्डिंग जोडल्याशिवाय सही मिळणार नाही, हे सरांनी सांगून टाकलं होतं.

जमनीने उशी धरून ढावलो म्हटला. किराण्याची यादी सांगावी तसा.

"हे पाठांतर झालं," सर म्हणाले. "भाव कुठं आहे यात?"

"उशी कुठी जाते जी सासरी? गळ्याले माणूस लागते."

"मग ही आहे की!" सरांनी बबिताकडे बोट दाखवलं.

जमनीने कानाला हात लावले. "घरातल्या पोरीवर कायले करू? ढावलो झाला का ते पोरगी लोकायची होते. मंग ते उंबरठ्याच्या आत नाई येत. मले हिले कुठी धाडाचं नाई."

"वा! ही समजूत तळटीपेत घे बरं का, बबिता." सर मनापासून खूश झाले. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. "पण रेकॉर्डिंग होत नसेल तर राहू दे. पुढच्या सत्रात बघू. मला काही घाई नाही."

गाईडने असं म्हटलं की विद्यार्थ्याचं वर्ष गेलं म्हणून समजावं. बबिता उठली आणि आत गेली.

आतून पेटीची कडी वाजली. जमनीची मान एकदम वळली. ती पेटी तीन वर्षांत कुणी उघडली नव्हती.

बबिता बाहेर आली ती लाल ओढणी घेऊन, आरशांची, कवड्या लावलेली. थोरल्या जयाच्या लग्नातली. जया ती लेऊन याच ओसरीतून सासरी गेली होती आणि चौदा महिन्यांनी तिकडून नुसती ओढणी परत आली होती. बबिताने ती उशीवरून पांघरली, नवरीच्या डोक्यावरून घेतात तशी. एवढं नेमकं कुठं बोट ठेवायचं, हे संशोधनाच्या पुस्तकात नसतं. ते घरचंच माणूस जाणे.

"धर, याडी," ती म्हणाली. याडी म्हणजे आई.

जमनी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने ओढणीत तोंड खुपसलं, आणि पोटातून ढावलो निघाला. जया, जया, किती वेळा. शेजारची हंसाबाई पिठाच्या हातांनी धावत आली आणि तोंडाला पदर लावून तशीच मागे फिरली. बबिताचे डोळे मात्र कोरडे होते. आवाजाची हिरवी रेघ लाल होऊ नये, म्हणून ती मोबाइलवर नजर ठेवून बसली होती.

तेवढ्यात रस्त्यावर भंगारवाल्याचा ऑटो आला. "जुना पंखा, जुना कूलर, जुनं लोखंड देऊन टाका!" भोंगा दोन मिनिटं कोपऱ्यावर ओरडत राहिला. जमनीला तो ऐकूच आला नाही.

सरांनी कानावरचा हेडफोन काढला. "अप्रतिम! अंगावर काटा आला. पण शेवटी तो भोंगा घुसला, काय करणार. बबिता, सांग आईंना, आणखी एकदाच. आणि हुंदके जरा कमी. शब्द कळले पाहिजेत."

बबिताने एकदा आईकडे पाहिलं. तिला लाज वाटली, नाही असं नाही. पण सोमवार जवळ होता.

"याडी, अजून एक डाव," ती म्हणाली. "रडू नको लय. म्हण फक्त."

जमनीने डोळे पुसले. ओढणीची चार पदरी घडी घातली आणि मांडीवर ठेवली. उशी बाजूला सारली.

"इकडे ये."

बबिताने सरांकडे पाहिलं. सरांनी घाईने मान डोलावली आणि मोबाइलवरचं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

जमनीने तिच्या गळ्यात हात टाकले. या खेपेला एकही हुंदका नव्हता. शब्दन् शब्द सुटा, स्वच्छ. जिथे जिथे मघाशी जया होती, तिथे तिथे आता बबिता. तिसऱ्यांदा आपलं नाव ऐकल्यावर बबिताने मान सोडवायला पाहिलं, पण ढावलो संपेपर्यंत आईचे हात सुटले नाहीत. सरांनी लांबूनच अंगठा दाखवला.

"परफेक्ट!" ते म्हणाले, आणि तिथेच बॅगेवर कागद ठेवून सही केली.

जमनी ओढणी घेऊन आत गेली. पेटीची कडी लागली. बबिता पाणी प्यायला म्हणून तिच्यामागे निघाली, तर जमनी दारातच उभी होती. तिने बबिताची पिशवी उंबरठ्याबाहेर ठेवली.

"येष्टी पाचची हाय," ती म्हणाली. "निंग, बाई. मांगं पाहाचं नसते."