मागे सरकवलेली शेड

चष्मा लावल्याबरोबर शालनबाईंनी हात पुढे केला आणि पडद्यावरच्या गॅलरीचा कठडा धरायला गेल्या. हाती काहीच लागलं नाही, तशा हसल्या. शेजारी लक्ष्मणरावही हसले आणि हसता हसता त्यांना खोकला लागला. फाउंड्रीत उभी नोकरी काढलेल्या माणसाचा खोकला तो, लवकर थांबला नाही.

निरंजन मागे उभा होता. चाकणजवळच्या या नव्या सोसायटीची थ्रीडी फिल्म त्यानंच जुळवली होती. घरी त्याबद्दल फुशारकीही मारली होती. पण शालनमावशी आणि लक्ष्मणकाका ती बघायला येऊन बसतील, असं त्याला वाटलं नव्हतं.

प्रत्यक्षात गॅलरीच्या अगदी समोर फोर्जिंगची, तापलेलं लोखंड यंत्राच्या हातोड्यानं ठोकणाऱ्या कंपनीची शेड होती. ती पुसू नको, नुसती लांब दिसू दे, असं बिल्डरकडच्या कुलदीपसाहेबांनी सांगितलं होतं. मग निरंजननं डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठीच्या दोन चित्रांत शेडच्या जागेतला फरक वाढवत नेला. तसतशी ती मागे मागे सरकली. तिचा आकार जरा लहान केला, वर धुक्याचा पातळ थर दिला. कठडा मात्र पुढे ओढला. मध्ये हिरवं, मोकळं रान तयार झालं. त्या दिवशी तो स्वतःवरच खूश झाला होता.

तो गेवराईहून शिकायला आला, तेव्हा याच दोघांनी त्याला चिंचवडच्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं होतं. आता त्या खोल्या विकून काकांना चांगल्या हवेत न्यायचं, असं मावशीनं मनाशी घेतलं होतं.

फिल्म संपली. मावशीनं चष्मा काढला आणि त्याला जवळ बोलावलं.

"निरू, ती कंपनी खरंच एवढी लांब आहे का रे?"

कुलदीपसाहेब हाताच्या अंतरावर उभे होते. निरंजनच्या स्टुडिओचं पुढचं सगळं काम त्यांच्याकडूनच यायचं होतं. निरंजनला मावशीच्या तोंडाकडे बघवेना.

"हो मावशी. लांब आहे."

मावशीनं मान हलवली. चष्मा त्याच्या हातात दिला, काकांना आधार देऊन उठवलं. मग साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाली,

"काल आम्ही जागेवर जाऊन आलो, लेकरा. तिथं हातोडा पडला की पायाखालची फरशी हादरते. आज आलो ते तू काय सांगतोस, तेवढं ऐकायला."