माईंची तान

दुरुस्तीला बोलावलेल्या दस्तगीरने ग्रामोफोनच्या कडेशी डोळा लावून पाहिलं. सुईची दांडी मागच्या बाजूने खाली बसली होती. “म्हणून आवाज बोळा कोंबल्यासारखा येतोय, साहेब,” असं म्हणत त्याने स्क्रू सैल केला आणि दांडी मागून केसभर वर घेतली.

थोर गायिका माईंच्या जन्मशताब्दीला त्यांची एक जुनी रेकॉर्ड याच ग्रामोफोनवर वाजवायची होती. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी माईंचा गळा बसला होता आणि शेवटची तान मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्येने, शरयूने, घेतली होती. पन्नास वर्षं शरयूताई हे सांगत आल्या. माईंचे चिरंजीव हेमंतराव हसून म्हणत, “तंबोरा धरणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, मैफल आपणच मारली!”

सुई टेकली. आवाज स्वच्छ निघाला. शेवटच्या तानेशी माईंचा जाडसर आवाज थांबला आणि एक कोवळा, धारदार आवाज एकटाच वर चढत गेला.

“ह्यो गळा दुसरा हाय,” दस्तगीर म्हणाला.

हेमंतराव डोळे मिटून बसले होते. शरयूताईंनी पदर सावरला. आता ते कबूल करतील, एवढ्यासाठीच त्या इतकी वर्षं थांबल्या होत्या.

“दस्तगीर, दांडी होती तशी कर. लोक माईंना ऐकायला येणार आहेत.” मग शरयूताईंकडे न बघता हेमंतराव म्हणाले, “आणि ताई, कार्यक्रमात माईंच्या या तानेवर तुम्हीच बोला. तुमच्याइतक्या जवळून ती कुणी ऐकलीय?”

शरयूताईंनी विचारलं, “किती मिनिटं बोलू?”