पंख फुटूस्तोवर

मामाच्या गाडीतून भेटीला आलेली आठ वर्षांची कस्तुरी दारातल्या जंतुनाशक चुन्यावर पाय देऊन कोंबड्यांच्या शेडात आली आणि थबकली. बापाच्या हातातला पडदा आईच्या हिरव्या साडीचा होता.

आई गेल्यावर निवृत्तीनं लेकीला मामाकडं ठेवलं होतं. पोर आईच्याच तोंडवळ्याची, समोर दिसली की त्याला घास गिळवेना. साडीही घरात बघवेना आणि टाकवेना, म्हणून त्यानं ती शेडात आणली.

"हे काय बांधलंय, आबा?" तुसाच्या रिकाम्या गादीभोवतीच्या गोल पत्र्याला हात लावत तिनं विचारलं.

"ब्रूडर म्हणत्यात. मशिनीत उबवलेली पिल्लं असत्यात, बिनआईची. वर बल्ब लावून त्यास्नी ऊब द्यायची, वाऱ्याला पडदा धरायचा. पंख फुटूस्तोवर कुठं हलवायचं नाही."

"हलवलं तर?"

"गारठून मरत्यात," तो बोलून गेला.

तिनं पडद्याचा काठ गालाला लावला. "मग मला का पाठवलंत?"

निवृत्तीनं पडद्याची दोरी खांबाला बांधली. बाहेर मामानं परत निघायचा हॉर्न दिला. कस्तुरी पत्रा ओलांडून आत गेली आणि पाय पोटाशी घेऊन तुसावर बसली.

हॉर्न पुन्हा वाजला. निवृत्तीनं पडदा नीट ओढून घेतला आणि बल्ब लावला.